मंडळीचे सभागृह वस्तीच्या सभेला द्यावे का?

मोहननगरकर
सर्वांना सलाम. मी नागपुरातील एका मराठी ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, सभासद असून गेली चार वर्षे तिचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर आहे. मंडळीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या मंडळीचा नाही.

आमच्या चर्चच्या मागच्या भिंतीला लागून सव्वाशेएक घरांची वस्ती आहे. राहत्या जागेचे पट्टेवाटप होणार, असे तिथल्या लोकांना दर निवडणुकीत सांगितले जाते. आता रस्तारुंदीकरणासाठी पहिल्या ओळीतील घरांना नोटिसा आल्या आहेत. मागच्या महिन्यात वस्तीतील पाच-सहा बाया पाळकसाहेबांकडे आल्या. पावसाळ्यात बसायला जागा नाही, तेव्हा एका रविवारी संध्याकाळी दोन तास सभागृह द्यावे, नोटिशीला उत्तर कसे द्यायचे ते एक वकील समजावून सांगणार आहेत, एवढीच त्यांची मागणी होती. त्यांच्यापैकी एकही ख्रिस्ती नव्हती.

कमिटीत हा विषय पाऊण तास चालला आणि शेवटी पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. ‘मंडळीत राजकारण नको’ हे वाक्य मी अकरा वेळा ऐकले. आम्ही ज्या टेबलाभोवती बसलो होतो, त्याच्या काचेखाली सभागृहाचे दरपत्रक ठेवलेले आहे: लग्न, वाढदिवस, साक्षगंध, भांडी वेगळी, जनरेटर वेगळा. गेल्या हिवाळ्यात याच सभागृहात एका पुढाऱ्याच्या पुतणीचे साक्षगंध झाले, बाहेर झेंडे लावलेल्या गाड्या उभ्या होत्या, आणि तेव्हा कुणालाही राजकारण दिसले नव्हते.

म्हणून विचारतो. समाजाच्या आणि राज्यकारभाराच्या प्रश्नांत मंडळीने कुठवर जावे? माझे मत सभागृह द्यावे असे आहे, परंतु विरोध करणारे सगळेच भित्रे आहेत असे मी मानत नाही, आणि त्यांची बाजू इथे कुणी नीट मांडली तर मला ती ऐकायची आहे.

खजिनदार_एकेकाळचा
ती बाजू मी मांडतो. मी दुसऱ्या मंडळीत नऊ वर्षे खजिनदार होतो.

महाराष्ट्रात आपण जेमतेम एक टक्का आहोत. आपल्या चर्चच्या आवारावर, शाळेवर, दफनभूमीच्या भिंतीवर उद्या काही प्रसंग आला, तर त्याच अधिकाऱ्यांकडे आणि त्याच नगरसेवकांकडे जायचे आहे ज्यांच्याविरुद्ध तुमच्या सभागृहात सभा होणार. सभागृह मागणाऱ्या बाया निरुपद्रवी असतील, पण त्यांच्यामागून कोणता पक्ष येतो हे तुम्हाला सभेच्या दिवशी कळेल. दुसरे असे की बायबलमधील रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या अधीन असावे असे स्वच्छ लिहिले आहे. तिसरे, चर्च राजकारणात उतरले की ते स्वतःच्या मिळकतीसाठीच उतरते. केरळमध्ये १९५९ साली नंबुद्रीपाद सरकारच्या शिक्षण विधेयकाविरुद्ध जे आंदोलन झाले, त्यात कॅथोलिक चर्च आघाडीवर होते. सरकार बडतर्फ झाले. त्या लढ्यात गरिबांच्या घरांचा प्रश्न होता की शाळांच्या व्यवस्थापनाचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

गड्डीगोदाम
तेराव्या अध्यायाच्या आधी बारावा आहे. त्यात पाहुणचारात तत्पर असा, असे लिहिले आहे. सभागृह हा पाहुणचारच झाला.

जुना सीताबर्डीकर
खजिनदारसाहेबांचा तिसरा मुद्दा वजनदार आहे आणि तो बाजूला सारता येणार नाही. पहिल्या मुद्द्याबाबत मात्र नागपूरचाच इतिहास थोडा सांगतो.

ज्यांच्या नावाने आपले हिस्लॉप कॉलेज १८८३ पासून उभे आहे, ते स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले तेव्हा येथे भोसल्यांचे राज्य होते. स्कॉटलंडच्या ज्या फ्री चर्चने त्यांना पाठवले, ते चर्चच मुळी दोन वर्षांपूर्वी, १८४३ साली, सरकार आणि जमीनदार यांनी पाळकांच्या नेमणुकीत ढवळाढवळ करू नये या मुद्द्यावर फुटून निघाले होते. पगार, बंगले, चर्चच्या इमारती सोडून शेकडो पाळक बाहेर पडले होते. म्हणजे ‘मंडळीत राजकारण नको’ असे आज म्हणणाऱ्यांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांना बाप्तिस्मा देणारी मंडळी राज्यसत्तेशी झालेल्या भांडणातून जन्मली होती. हिस्लॉप स्वतः शाळा चालवत, विदर्भातले खडक आणि जीवाश्म जमवत आणि गोंडांची गाणी व चालीरीती टिपून ठेवत. १८६३ साली टाकळघाटकडची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना ते पुराच्या पाण्यात बुडाले. त्यांची टिपणे पुढे १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी छापली.

मुलींना शिकवणे, अस्पृश्य मानलेल्या मुलांना इतरांच्या शेजारी बसवणे, बायकांसाठी वेगळा दवाखाना काढणे, यांना आज आपण ‘सेवा’ म्हणतो आणि सुटकेचा श्वास टाकतो. त्या काळी गावाने त्याला सेवा म्हटले नव्हते. मुलांना शाळेतून काढून घेतले जात होते.

तात्या_महाल
मी ख्रिस्ती नाही, तरी या धाग्यावर लिहिण्याची परवानगी गृहीत धरतो.

सीताबर्डीकरांनी शाळा आणि दवाखान्यांचे वर्णन केले, परंतु त्या सेवेमागचा हेतू सांगितला नाही. नागपूर मध्य प्रदेशची राजधानी असताना, १९५४ साली, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५६ साली तिचा अहवाल आला. शाळा, दवाखाने आणि उसनवार पैसा यांचा धर्मांतरासाठी वापर होतो, हा त्या अहवालाचा मुख्य आक्षेप होता. माझ्या आजोबांकडे त्याची प्रत होती आणि ती त्यांनी लाल पेन्सिलीने रंगवली होती. तुम्ही आज वस्तीला सभागृह दिलेत तर वस्तीतल्याच काहींना असे वाटेल की उद्या धर्मप्रचाराच्या पुस्तिका येणार. तुमचा तसा विचार नसेलही, पण संशय जुना आहे आणि तो अगदीच निराधार नव्हता, हे मान्य करूनच पुढे जावे.

धम्मकन्या_इंदोरा
तात्या, नियोगी समितीची आठवण काढलीत तर गोष्ट पूर्ण सांगा. त्याच १९५६ साली ऑक्टोबरात बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षेचा सोहळा केला, तेव्हा निवृत्त मुख्य न्यायमूर्ती नियोगी यांनीही बौद्ध धम्म स्वीकारला होता. धर्मांतराची चौकशी करणाऱ्या माणसाने स्वतः धर्म बदलला, हे या शहरातच घडू शकते.

आता ख्रिस्ती मित्रांना थोडे कडू सांगते. आमच्या इंदोऱ्यातल्या बायका कॉन्व्हेंट शाळेच्या फाटकावर वर्षानुवर्षे उभ्या राहिल्या आहेत. शिक्षण हक्क कायद्यातील २५ टक्के राखीव जागांची सक्ती अल्पसंख्याकांच्या शाळांना लागू होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली प्रमती खटल्यात दिला. कायद्याने सूट मिळाली हे खरे. पण सूट मिळाली म्हणून ती घेतलीच पाहिजे असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? ज्या शाळा गरिबांसाठी निघाल्या, त्यांच्या फाटकासमोर आज दुपारी दीड वाजता मोटारींची रांग लागते. मंडळीला सामाजिक प्रश्नात उतरायचे असेल तर तिने आधी स्वतःच्या शाळेचे प्रवेशाचे रजिस्टर उघडून पाहावे. सभागृह दोन तासांचे आहे, शाळा बारा वर्षांची असते.

मोहननगरकर
इंदोऱ्याच्या ताईंचे बोलणे लागले, आणि ते लागायलाच हवे होते. आमच्या शाळेत मंडळीतल्याच स्वयंपाकीण मावशींच्या नातवाला प्रवेश मिळाला नव्हता.

ॲड_सिव्हिललाइन्स
कायद्याचा भाग मी थोडक्यात मांडते, कारण कमिटीच्या बैठकीत ‘एफसीआरए जाईल’, म्हणजे परकीय देणगी घेण्याची नोंदणी जाईल, ही भीती कुणी ना कुणी घातली असणारच.

परकीय देणगीच्या कायद्यात राजकीय स्वरूपाच्या संस्थेला देणगी घेता येत नाही. बंद, रास्ता रोको, रेल रोको अशा मार्गांचा अवलंब करणाऱ्या संस्थेलाही २०११ च्या नियमांनुसार राजकीय ठरवता येत होते. मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदीचा अर्थ मर्यादित केला: राजकीय हेतू नसताना एखाद्या न्याय्य मागणीला पाठिंबा देणाऱ्या संस्थेला त्या कारणाने शिक्षा करता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरातील दुरुस्तीने मात्र बाकीचे फास आवळले. एका संस्थेने दुसरीला परकीय निधी देणे बंद झाले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि सर्वांना दिल्लीतील एकाच बँकशाखेत खाते उघडावे लागले. त्यामुळे भीती अगदीच काल्पनिक नाही, तिची जागा मात्र चुकते आहे.

मतदानाविषयी बोलायचे तर धर्माच्या नावाने मत मागणे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ खाली भ्रष्ट आचार ठरतो, आणि २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने त्याचा अर्थ आणखी व्यापक केला. पाळकांनी व्यासपीठावरून उमेदवाराचे नाव घेऊ नये. नोटिशीला उत्तर देण्याची पद्धत समजावणे या कशातच बसत नाही.

गड्डीगोदाम
आमच्या मंडळीला परदेशातून अखेरचे काय आले ते विचारा. एक हार्मोनियम. तीही जुनी होती. छताचे पत्रे आम्ही महिला संघाच्या लोणच्यावर बदलले.

मंडला_मार्गे
खजिनदारसाहेबांनी रोमकरांस पत्राचा आधार घेतला, म्हणून नागपूरच्याच बिशपांचा एक प्रसंग सांगतो.

व्हेरिअर एल्विन हे इंग्रज धर्मगुरू गांधीजींच्या प्रभावाने काँग्रेसकडे ओढले गेले आणि १९३२ साली शामराव हिवाळे या मराठी सहकाऱ्यासह मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे गोंडांमध्ये राहायला गेले. तो भाग नागपूरच्या धर्मप्रांतात येत असे. त्यांनी राजनिष्ठेची शपथ घेतल्याखेरीज धर्मकार्याचा परवाना देणार नाही, अशी तेव्हाच्या नागपूरच्या बिशपांनी अट घातली. एल्विन यांनी शपथ घेतली नाही. परवाना मिळाला नाही, आणि १९३५ साली त्यांनी चर्चच सोडले. आता राजकारण कोणी केले? गोंडांच्या झोपडीत राहून औषधे देणाऱ्याने, की बादशहाच्या नावाची शपथ मागणाऱ्याने? मला तर असे दिसते की मंडळीतील राजकारण सत्तेच्या बाजूने असले की त्याला कुणी राजकारण म्हणत नाही. मोहननगरकरांनी सांगितलेल्या साक्षगंधासारखेच.

खजिनदार_एकेकाळचा
मंडलावाल्यांचा टोला मान्य. पण त्या कथेचा शेवटही पाहावा. मंडळीने एक चांगला माणूस गमावला आणि त्या माणसाने मंडळी गमावली. आजच्या काळातले उदाहरण हवे असेल तर फादर स्टॅन स्वामी घ्या. झारखंडमध्ये तुरुंगात खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी ते न्यायालयात गेले. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमा कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली. कंपवातामुळे हात थरथरत, म्हणून पाणी पिण्यासाठी नळीचा पेला मिळावा असा अर्ज त्यांना करावा लागला, आणि ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी, कोठडीत असतानाच मुंबईच्या रुग्णालयात ते वारले. माझ्या कमिटीतली माणसे पेन्शनर होती. त्यांच्याकडून हे मागण्याचा अधिकार मला नव्हता. भीतीला भित्रेपणा म्हणणे सोपे असते.

वसईवाला
इतक्या टोकाची उदाहरणे का घ्यावीत? आमच्याकडे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बिल्डर, टँकरवाले आणि गुंड यांनी वसईचे पाणी आणि जमिनी गिळायला सुरुवात केली, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसई संरक्षण समितीच्या रूपाने उभे राहिले. त्यांच्यासोबत हिंदू होते, मुसलमान होते, समाजवादी होते. मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधील उपासनेनंतर, लोक तसेच मोर्चाला जात. धमक्या आल्या, पण विहिरींचा प्रश्न कुणा एका धर्माचा नव्हता म्हणून माणसे टिकली. पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हाही विरोध झालाच. २०२४ च्या जुलैत ते गेले.

एक फरक मात्र सांगितला पाहिजे. वसईत आमची गावेच्या गावे आहेत. नागपुरात तुम्ही विखुरलेले. आमच्या धैर्याचे माप तुम्हाला लावू नये.

तात्या_महाल
वसईवाल्यांचे उदाहरण मला पटले. विहिरीचे पाणी वाचवताना कुणी पुस्तिका वाटली नाही.

परिचारिका_निवृत्त
मी मिशनच्या एका दवाखान्यात एकतीस वर्षे काम केले. इतके मोठे लोक बोलत आहेत, तिथे माझी एक साधी गोष्ट.

१९९० च्या आसपासची रात्रपाळी. मंडळीतलीच एक बाई भाजून आली होती. ‘स्टोव्ह भडकला’ असे सगळे म्हणत होते, आणि तिच्या पाठीवर जुने वळ होते, ते स्टोव्हने उठत नाहीत. पहाटे पाळक आले. मी तिचा सलाईनचा हात धरून उभी होते. त्यांनी फार मनापासून प्रार्थना केली, त्यांचे डोळे भरून आले होते, हे मी खोटे सांगणार नाही. मग ते तिला म्हणाले, ‘बाई, बरी झालीस की घरी जा, देवाने जोडले ते माणसाने तोडू नये.’ ती घरी गेली. पुन्हा आली नाही. तिच्या मुलीला मी नंतर जरीपटक्याला आईच्या दफनाच्या वेळी पाहिले.

त्या काळी १८६९ चा घटस्फोटाचा कायदा असा होता की नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरे, आणि बायकोला मात्र व्यभिचाराबरोबर छळ किंवा परित्यागही सिद्ध करावा लागे. २००१ साली तो बदलला. त्यासाठी ख्रिस्ती बायकांनी किती वर्षे निवेदने दिली, आणि मंडळ्यांचे पुढारी किती उशिरा त्यांच्या मागे उभे राहिले, हे आमच्या महिला संघातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पंडिता रमाबाईंनी दुष्काळात मध्य प्रांतातून शेकडो मुली केडगावला नेल्या, हे आम्ही दर वर्षी व्यासपीठावरून ऐकतो. आपल्या पाचव्या बाकावर बसलेल्या बाईचे मात्र ऐकत नाही. मला सभागृहाच्या प्रश्नाचे उत्तर माहीत नाही. त्या बायांना आत घ्या, एवढे कळते.

धम्मकन्या_इंदोरा
मावशी, तुमचे वाचून बराच वेळ काही लिहिले नाही.

शनिवारचा_वाचक
एका विषयाला कुणी हात लावला नाही, तो मी काढतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या, १९५६ मध्ये त्यात शीख आले आणि १९९० मध्ये बौद्ध आले. दलित ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, आणि २०२२ मध्ये न्यायमूर्ती बालकृष्णन यांचा नवा आयोग नेमला गेला. या प्रश्नावर देशभरातील चर्च एकमुखाने बोलते, मोर्चे काढते, निवेदने देते, आणि तिथे कुणी ‘राजकारण नको’ म्हणत नाही. मागणी न्याय्य आहे, मी स्वतः त्या घरांतला आहे. आमच्याकडे रविवारी एक नाव आणि शाळेच्या दाखल्यावर दुसरे, असे दोन पिढ्या चालले. पण चर्चच्या आत काय आहे? तिरुचिरापल्लीच्या एका दफनभूमीत जातीची भिंत उभी आहे. आपल्या हक्कासाठी सरकारकडे जाणे आणि शेजारच्या वस्तीसाठी सरकारकडे जाणे, यांतले पहिलेच फक्त धर्मकार्य कसे, हे खजिनदारसाहेबांनी सांगावे.

खजिनदार_एकेकाळचा
सांगता येत नाही. हा प्रश्न मला माझ्या कमिटीत कुणी विचारला असता तर मी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला असता.

जुना सीताबर्डीकर
एक आठवण जोडतो. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मास आले, ते आपल्याच सदरमधील ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात. मी तेव्हा सातवीत होतो आणि मंडपात पाणी वाटायला होतो. एकता, साक्ष आणि सेवा हे तीन शब्द तेव्हा ठरले. एकतेचे पुढे काय झाले ते न्यायालयातील मिळकतीच्या दाव्यांवरून कळते. सेवा आपण करतो. साक्ष या शब्दाचा अर्थ आपण रविवारी माईकसमोर उभे राहून स्वतःच्या आजारपणातून बरे झाल्याचे सांगणे, एवढाच करून ठेवला आहे. साक्ष ही न्यायालयातही द्यावी लागते.

ॲड_सिव्हिललाइन्स
आणि तिथे उलटतपासणीही होते, सीताबर्डीकर.

मोहननगरकर
काल बैठक झाली, म्हणून कळवतो.

विषय पुन्हा निघाला तेव्हा मी इथले काही मुद्दे, नावे न घेता, मांडले. परकीय निधीविषयीचे मांडले तेव्हा आमच्या मंडळीच्या खजिनदारांनी प्रथमच सांगितले की आपल्याकडे तशी नोंदणीच नाही. इतकी वर्षे आम्ही नसलेली नोंदणी जपत होतो. मग एका वयस्क सभासदांनी विचारले की वस्तीतील बाया सभेआधी प्रार्थनेला थांबतील का. पाळकसाहेब म्हणाले, ‘त्यांना तसे विचारायचे नाही.’ हे ते इतक्या हळू बोलले की लिहून घेणाऱ्या चिटणिसांनी पुन्हा विचारले आणि त्यांना तेच वाक्य मोठ्याने सांगावे लागले. त्यानंतर सात विरुद्ध चार मतांनी ठराव झाला: रविवारी पाच ते सात, ध्वनिक्षेपक नाही, कोणत्याही पक्षाचा फलक नाही, भाडे नाही, विजेचे २०० रुपये. शाळेच्या प्रवेशाचा विषय मी काढला, तो पुढच्या बैठकीवर गेला आहे. चार विरोधकांपैकी एकांनी घरून दोन सतरंज्या पाठवतो असे सांगितले.

पावती मीच फाडली. आमच्या पावतीपुस्तकात ‘कार्यक्रमाचे स्वरूप’ या रकान्यात विवाह, साक्षगंध, वाढदिवस, प्रार्थनासभा आणि इतर असे पाच पर्याय छापलेले आहेत. त्या बाईंनी पावती हातात घेऊन मला विचारले, ‘दादा, आमचं यातलं कोणतं?’ मी ‘इतर’वर खूण केली.

गड्डीगोदाम
रविवारी पावसाचा अंदाज आहे. सतरंज्या चार लागतील, आमच्याकडून दोन नेण्यास कुणालातरी पाठवा.